दोन खटके

मला माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे कान दिसतात. बारा वर्षं हेडफोन विकल्यावर दुसरं काय होणार? रस्त्यानं जाताना मी मनातल्या मनात लोकांना माल चढवत असतो. याला मोठ्या गादीचा, याला कानात घालायचा, या गृहस्थांना कुठलाच नको, बायकोचं ऐकायची सवय राहू दे. दुकानात मला सगळे ‘कानमास्तर’ म्हणतात आणि परवापरवापर्यंत मला त्याचा अभिमान होता. आता कुणी त्या नावानं हाक मारली की मान वर होत नाही.

आमच्याकडे माल ऐकून बघायला काउंटरवर एक यंत्र आहे. त्याचं आवाजाचं बटण आतल्या बाजूला, बरोबर माझ्या अंगठ्याखाली येतं. फिरवलं की हलके खटके लागतात. गिऱ्हाईक हेडफोनचा स्वस्तातला जोड उतरवून महागातला कानावर चढवतं, तेवढ्या वेळात दोन खटके वर. बस, एवढंच. आवाज जरासा वाढला की तो माणसाला मोठा वाटत नाही, स्वच्छ वाटतो. एका खटक्यानं फरक कळत नाही, तीन केले तर चोरी पकडली जाते. हे मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. शिवाय कुठलाही जोड एका गाण्यापेक्षा जास्त वेळ डोक्यावर राहू द्यायचा नाही, कारण पाच मिनिटं सगळेच मऊ लागतात. टोचायला तास जावा लागतो. मी याला खोटेपणा म्हणत नव्हतो, हातोटी म्हणत होतो.

दीड महिन्यापूर्वी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड काड्यांचा चष्मा, कान लहान आणि डोक्याला चिकटलेले. हॉस्पिटलात टायपिस्ट होत्या. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाले की सगळं यंत्रात बोलून ठेवतात, ते ऐकून या टाइप करायच्या. रोज आठ तास, एकोणीस वर्षं. पिशवीतून त्यांनी आपला जुना जोड काढला. गाद्यांचा भुगा व्हायला लागला होता, म्हणून त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्याचे दोन गोल कापून, चुण्या घालून, वर टोप्या शिवल्या होत्या. मला हसू आलं. मी हसलोही.

“हसा हो दादा,” त्या म्हणाल्या. “पण आता नवा घ्यायचाच. हलका हवा, चष्म्यावर दाबणार नाही असा. आणि गाणी नका लावू, कुणाचं तरी बोलणं लावा. मला बोलणंच ऐकायचं असतं.”

खरं म्हणजे त्यांना द्यायला अगदी योग्य जोड मागच्या फळीवर होता. साधा, हलका, आणि बोलणं ऐकायला आमच्या दुकानात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. पण महिनाअखेर होती, विक्रीचा आकडा गाठायचा होता. मी वरच्या फळीवरचा काढला, काळा, जड, चमचमता, धम् धम् वाजणारा. आधी त्यांचा जुना लावून एका भाषणाचा तुकडा ऐकवला. मग नवा चढवला, आणि अंगठ्यानं दोन खटके वर.

“अगंबाई!” त्या ओरडल्याच. “मधे श्वास घेतलेलासुद्धा कळतोय की!”

त्यांचा चेहरा इतका खुलला की संध्याकाळी घरी मी बायकोला ते सांगितलं. आज एका बाईंना सुखी केलं, असं म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

परवा दुपारी त्या परत आल्या. हातात आमच्याच दुकानाची पिशवी. पिशवी परत आली की भांडण आलं, हा आमचा अनुभव, म्हणून मी आवाजात साखर घोळून तयार होतो. पण त्या भांडायला आल्याच नव्हत्या.

“दादा, ओळखलंत का? हा जोड परत घ्याल? पैसे द्या असं म्हणत नाही. कुणा गरजूला द्या, उगाच कपाटात पडून राहील. चांगली वस्तू आहे.”

“का हो ताई? बिघडला का?”

“छे, तो कसला बिघडतोय! माझेच कान बिघडलेत.” त्या हसल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. “इथं तुम्ही ऐकवलंत तेव्हा केवढं लख्ख ऐकू आलं होतं. घरी गेले, ऑफिसात गेले, ते लख्ख काही पुन्हा सापडेना. सगळं कसं गोधडीतून बोलल्यासारखं. जुना लावून बघितला, तर तोही मंद वाटायला लागला. वस्तू तर तीच, म्हणजे मग ऐकणाराच गेला ना?”

चष्म्याच्या काडीखाली त्यांच्या कानामागे एक लाल वळ होता. त्याच्यावर खपली धरली होती. त्या बोलत होत्या आणि मी त्या खपलीकडे बघत होतो.

“डोकंही ठणकतं संध्याकाळी. ते कानामुळेच असणार. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. पण तोवर थांबायचं कसं? पंधरा आणि पन्नास यात माझी गल्लत झाली तर औषध कुणाच्या पोटात जायचंय? म्हणून अर्ज लिहिला. मला फाइलींच्या खोलीत काम द्या म्हणून. आता इथून तो द्यायलाच निघालेय.”

अर्ज त्यांनी मला दाखवलासुद्धा. चारच ओळी, एकही खाडाखोड नाही. ‘माझी श्रवणशक्ती कमी झाल्याने’ अशी सुरुवात होती.

आतून मालकांनी सगळं ऐकलं असावं. तिथूनच ते म्हणाले, “अरे, पीस बदलून दे त्यांना. एखादा पीस निघतो खराब.”

किती सोपं होतं! मालकांनी दारच उघडून दिलं होतं, मी फक्त बाहेर पडायचं. आणि मी पडलोही. लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मी म्हणालो, “हो ताई, पीसच खराब असणार. नवा देतो.”

“नको हो,” त्या म्हणाल्या. “मनाचं समाधान करू नका माझ्या. तुम्ही माझ्यासमोर लावून दाखवला होता. तुम्ही एवढे जाणकार. तुम्ही कशाला खराब द्याल?”

त्या वळल्या. पिशवी काउंटरवर ठेवली, अर्ज पर्समध्ये घातला आणि दाराकडे निघाल्या. शिवी दिली असती, चार लोकांत तमाशा केला असता, तर मी कानावर हात ठेवून मोकळा झालो असतो. तो माझा रोजचा धंदा. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या कानांवर ठेवला नाही, हे मला सहन होईना.

“ताई,” मी म्हणालो. “थांबा. तुमचे कान चांगले आहेत.”

त्यांना आत, काउंटरच्या माझ्या बाजूला घेतलं. बारा वर्षांत तिथं एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. तोच भाषणाचा तुकडा लावला. आधी त्यांचा जुना, तो पर्समध्ये होताच, मग नवा, आणि म्हटलं, आता तुम्हीच फिरवा, दोन खटके.

त्यांनी फिरवलं. खट, खट. त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनीच मागे फिरवलं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मालक दारात येऊन उभे होते. मी मागच्या फळीवरचा तो हलका, साधा जोड काढून त्यांच्या कानावर ठेवला. बटणाला हातही लावला नाही. त्या पाच मिनिटं ऐकत राहिल्या. मी उतरवा म्हणालो नाही.

“श्वास ऐकू येतोय,” शेवटी त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. आता त्या रडतील, रागावतील, मी माफी मागेन, हा जोड तसाच देऊन टाकेन. मी माफी मागितलीही. हात जोडले. त्यांनी हेडफोन उतरवला, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, “आणि घरच्यांचं काय करू?”

“घरच्यांचं?”

“महिनाभर सगळ्यांना सांगतेय, मला कमी ऐकू येतं म्हणून. यांनी टीव्ही मोठा करून ठेवलाय. मुलगी माझ्याशी कशी बोलते माहितेय? एकेक शब्द सुटा करून. लहान मुलाशी बोलावं तशी. परवा पाहुणे आले होते, तर माझ्यादेखत त्यांना म्हणाली, आईला जरा सांभाळून घ्या. मी मान खाली घालून चहा ओतत होते.”

त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

“तुम्हीच सांगा तिला. मी सांगितलं तर म्हणेल, आई स्वतःच्या मनाची समजूत घालतेय.”

मी फोन घेतला. माझा अंगठा त्याच्या कडेवर उगाचच फिरत होता. पलीकडे घंटी वाजली, एकदा, दोनदा, आणि मग कुणीतरी उचलला.

“आई!” एवढा मोठा आवाज की कान दुखला. “बो-ल, आई! ऐ-कू ये-तंय का तु-ला?”

मी काय बोलायचं ते जुळवत होतो, म्हणून गप्प राहिलो. तिला वाटलं, आईला ऐकूच गेलं नाही. तेव्हा तिनं तेच पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं, आणखी सावकाश, जरासुद्धा न चिडता.