न बोलणारा पी

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात बाईंचा शब्द शेवटचा असे. बावीस वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. कुठल्याही शब्दाचं मूळ अडलं की संपादक आपली खुर्ची सोडून बाईंच्या टेबलापाशी येत.

मग ती नवी मुलगी आली. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणू लागले. महिन्याभरात संपादकांची पावलं तिच्या टेबलाकडे वळायला लागली. बाई मान खाली घालून काम करत, पण कान मात्र तिकडेच. तिकडून हसण्याचा आवाज आला की त्यांच्या हातून ओळ सुटायची आणि पुन्हा वरपासून वाचावं लागायचं. घरी नवऱ्याजवळ त्यांनी चिमणीची एवढी उणीदुणी काढली की शेवटी तो म्हणाला, मुलगी हुशार दिसते. त्या रात्री बाई धड जेवल्या नाहीत.

पी अक्षराची पानं छापखान्यात जायच्या दिवशी एका पानाला चिमणीची चिठ्ठी टाचलेली होती. शब्द होता टार्मिगन, डोंगरमाथ्यावरचा, हिवाळ्यात बर्फासारखा पांढराशुभ्र होणारा पक्षी. त्याच्या स्पेलिंगमध्ये टीच्या आधी एक पी असतो, पण त्याचा उच्चार होत नाही. मागच्या आवृत्तीत बाईंनीच लिहिलं होतं की शब्द ग्रीक, पंख या अर्थाच्या शब्दावरून आलेला. चिमणीने लिहिलं होतं, शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला आहे आणि मुळात त्यात पी नव्हताच. तो ग्रीक असावा अशा समजुतीने पी मागाहून चिकटवला गेला.

बाईंनी गेलिक कोश उघडला. चिमणीचं बरोबर होतं. बाईंचे कान तापले. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पान होतं तसं छापखान्यात धाडलं.

दुसऱ्या दिवशी चिमणी टेबलापाशी आली. "बाई, टार्मिगन पाहिलात का? साहेबांना काही बोलले नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"पाहिला. बदलण्यासारखं काही नाही त्यात."

"मग माझंच चुकलं असेल," असं म्हणून ती जागेवर गेली. तिने आपली वही उघडली आणि तिथली नोंद पट्टी लावून नीट खोडून टाकली. बाईंबद्दल तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

बाईंना ते बघवेना. हिने वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. अर्धा तास त्या तशाच बसून राहिल्या. मग छापखान्याला फोन करून त्यांनी पान थांबवलं आणि संपादकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, चिठ्ठी फाडल्याचंसुद्धा.

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चिमणीला बोलावून तिचं कौतुक केलं आणि पुढच्या अक्षरापासून शब्दांची मुळं तपासायचं काम तिच्याकडे सोपवलं. आजवर ते बाईंचं काम होतं. चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला नाही. तो बाईंनीच काढला.

"तुझं बरोबर होतं. मला ते कालच कळलं होतं, तरी मी तुझी चिठ्ठी फाडली," बाई म्हणाल्या.

चिमणीचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "मग काल का नाही सांगितलंत?"

"तुझा हेवा वाटला म्हणून."

चिमणी आपल्या जागेवर परत गेली. आठवडाभर ती बाईंशी कामापुरतंच बोलली. मग एका दुपारी एक अडलेला शब्द घेऊन ती पुन्हा बाईंपाशी आली. बाईंनी खुर्ची पुढे ओढून दिली. हेवा अजून होताच, पण त्यांनी त्या शब्दाबद्दल ठाऊक होतं ते सगळं तिला सांगितलं.