चांदणीची चकती

मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे, चकल्या पाडणारा. पुण्याच्या एका तांबटाने मला घडवले, पण माझे सारे आयुष्य गेले कोलकात्यात, डमडमच्या सुनंदाकाकूंकडे. पस्तीस वर्षांपूर्वी श्यामकांतकाकांची बँकेतून इकडे बदली झाली, तेव्हा काकूंनी मला जुन्या साडीत गुंडाळून आणले.

माझ्यासारखा सोऱ्या इथे सहज मिळत नाही. म्हणून दिवाळी जवळ आली की मी इथल्या मराठी घरांतून फिरत असतो. एका जागी बसणे मला जमतही नाही. एकदा मला कुणाकडे दिले, तेच काकू विसरल्या. सारे घर धुंडाळले, काकांवर आळ घेतला आणि संध्याकाळी कपाळावर हात मारला. "अगं बाई, बराकपूरला लीनाकडे!" सगळे पोट धरून हसले. असे विसरणे कुणाचेही होते आणि मागाहून आठवतेही.

यंदा मात्र वेगळेच घडले. काकूंनी माझ्यात पीठ भरले आणि दांडा फिरवला. चकती बसवलीच नव्हती! पिठाचा गोळा भदकन ताटात पडला. काकूंनी चांदणीची चकती तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि विचारले, "अहो, हे काय असतं?"

 काका मात्र हसले. "वय झालं आता! आण इकडे." त्यांनी चकती स्वतःच बसवली. मी नुसता तळमळत राहिलो. मला तोंड आहे, पण त्यातून चकल्याच बाहेर पडतात.

त्यांची लेक मधुवंती दारात उभी होती. "बाबा, हसू नका. वस्तू कुठे ठेवली ते विसरणं वेगळं आणि ती कशाची तेच विसरणं वेगळं. आधी कधी झालंय असं?"

काकांनी मला ओट्यावर ठेवले. मग हळूच म्हणाले, "दुर्गापूजेच्या आधी मेट्रो स्टेशनवरून येताना हिला घरचा रस्ताच आठवेना. म्हटलं, उगाच बोभाटा कशाला."

काकूंची बोटे पिठाने माखलेली होती. "मला भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसता, मग मलाही हसावं लागतं."

काकांनी गॅस बंद केला आणि डॉक्टरांना फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली. डॉक्टर काय सांगतील कोण जाणे! मला चैन पडत नाही.

मित्रांनो, मी हरवलो तर खुशाल हसा, मी सापडेन. पण घरातले माणूस रोजची वस्तू हातात घेऊन थबकले, तर हसून वेळ मारून नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्या.

काकू रोज मला उघडून चकती बसवून बघतात. काल बसली. आज ती हातात धरून नुसत्याच बसल्या आहेत. शेजारी काका आहेत, आणि ते हसत नाहीत.