टेकडीवरचे ड्रुइड

वर्षातला सर्वांत लहान दिवस मावळायला आला होता. कात्रजच्या टेकडीवर ड्रुइडांनी रिंगण धरलं होतं. निसर्ग पूजणारा हा पंथ तेजस्विनीने इंग्लंडच्या प्रोजेक्टवरून आणला होता आणि आता कंपनीतली मंडळी दर ऋतूचा सण इथेच साजरा करत. आज मात्र जमिनीचा मालक मच्छिंद्र काठी घेऊन समोर उभा होता. त्याने करणीची बोंब मारली, की ही जागा गेलीच.

"उरक लवकर," रिंगणात तेजस्विनीशेजारी उभा असलेला रविराज तिला कुजबुजला. "त्याला काही विचारू नकोस."

पण रीत होती. आधी विचारायचं, शांतता आहे का? हजर असलेल्या एकाने जरी 'नाही' म्हटलं, तर सण तिथेच मोडायचा. तेजस्विनीने विचारलंच.

"आहे," रिंगण म्हणालं.

"नाय," मच्छिंद्र म्हणाला. "माझी म्हस गाभण हाय. तुमच्या ढोलानं बिथरती."

तेजस्विनीने रिंगणाच्या मधोमध ठेवलेला दिवा विझवला. सगळे चपला शोधू लागले.

मच्छिंद्र गोंधळला. "माझ्या एका शब्दावर निघाला व्हय?"

"रीतच आहे तशी, काका."

त्याने काठी खाली टेकवली. "ढोल गाडीत ठेवा. आन् परत इचारा, दिस बुडायच्या आत."