नीरजाबाईंचा अंदाज

नववीला गणित शिकवणाऱ्या नीरजाबाई कोल्हापूरच्या प्रशिक्षणाहून परतल्या, त्या थेट भविष्य सांगायला लागल्या. मुलाचं वर्णन मोबाईलमधल्या एआयला द्यायचं, गणित द्यायचं; मूल ते कसं सोडवेल, हे एआय आधीच सांगतं.

"मग मुलांना शाळेत बोलवायचं कशाला?" मुख्याध्यापक उन्मेषसरांनी विचारलं.

"हजेरीला," बाई म्हणाल्या.

पहिल्या चाचणीत तीसपैकी एकवीस अंदाज खरे निघाले. सूरज सूत्र लिहून आकडे भरायला विसरणार होता, विसरला. ओवी आकृती रंगवत बसणार होती, बसली. बाई इतक्या खूश झाल्या की भर वर्गात यादी वाचू लागल्या. "मनिषा. पायऱ्या गाळते, थेट उत्तरावर उडी मारते." वर्ग हसला. मनिषा हसली नाही.

मनिषाची आई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकते. संध्याकाळी तिचाच फोन घेऊन मनिषाने एआयला बाईंचं वर्णन दिलं: स्वभाव बरा, समोर चार तुकड्यांचे एकशेवीस पेपर, रविवारी आरे-वारेच्या समुद्रावर जायचा बेत. तर बाई पेपर कसे तपासतील?

उत्तर आलं: पहिले काही नीट वाचतील. नंतर फक्त शेवटची ओळ बघतील.

दुसऱ्या चाचणीत पिंपात पाणी किती मावेल, असं गणित होतं. मनिषाने वर सूत्र लिहिलं, खाली बरोबर उत्तर, आणि मध्ये नऊ ओळी बांगड्याच्या तिखल्याची, म्हणजे माशाच्या कालवणाची, कृती. पाचपैकी पाच मिळाले. शेजारी लाल शेरा: 'पायऱ्या सुंदर!'

सोमवारी ती टेबलाशी गेली. "बाई, एक पायरी कळत नाय. वाचता जरा?"

बाई मोठ्याने वाचू लागल्या. "त्रिज्येचा वर्ग करून... तिरफळं नुसती ठेचावीत, वाटू नयेत..."

वर्गात हशा फुटला. आवाज ऐकून उन्मेषसर दारात आले. "काय झालं?"

बाईंचे कान तापले होते. मनिषाला बाहेर काढावं असं फार वाटलं. पण शेरा त्यांच्याच अक्षरात होता.

"मी पेपर न वाचता मार्क दिले, सर," त्या म्हणाल्या. "आणि हिने मला पकडलं."

सगळे पेपर त्यांनी परत घरी नेले आणि ओळ न् ओळ वाचले. एकात क्रिकेटची टीम सापडली. राहीच्या पेपरात उत्तर चुकलेलं होतं, आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाई, त्रिज्या म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची लाज वाटते.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई राहीच्या बाकावर जाऊन बसल्या. "सरक गो जरा," म्हणाल्या, आणि आपल्या डब्याचं गोल झाकण तिच्यासमोर ठेवलं.