मनकर्णाबाईची ओळख

रामाकोन्यात ग्रामीण बँकेची शाखा उघडायची असं सरकारनं ठरवलं, आणि त्र्याऐंशी सालच्या वैशाखात ती खरोखरच उघडली. गावाला संशय यायला एवढंही पुरेसं होतं.

मनकर्णाबाईला संशय घ्यायला फुरसत नव्हती. तिच्या कापूसवेचणीच्या मजुरीतले अठराशे रुपये सात वर्षांपासून यशवंतराव दुकानदाराच्या तिजोरीत पडून होते. अर्ध्या गावाचे तसेच. व्याज नाही, पावती नाही. मागायला गेलं की यशवंतराव प्रेमानं चहा पाजत. "कायची घाई हाये बाई? पैसे का पळून चालले?" यंदा पावसाआधी तिला घरावर टिनं टाकायची होती, आणि चहानं छप्पर शाकारता येत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती बँकेत गेली. मॅनेजर विनायकराव पांढुर्ण्याचे; पंधरा दिवसांपासून तिच्याच हातच्या भाकरी खात होते. त्यांनी फॉर्म काढला.

"मावशी, ओळख देणारा लागेल. आपल्या बँकेत आधीच खातं असलेला."

"इथं कोनाचं खातं हाये?"

"अजून कोणाचंच नाही."

"मंग पयल्या माणसाले कोन ओळखन?"

विनायकरावांनी नियमांचं पुस्तक चाळलं. पुस्तकाला हा प्रश्न पडलेला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं, जवळच्या सौंसर शाखेचा खातेदारही चालतो. रामाकोन्यात असा एकच होता: यशवंतराव.

"तुमीच ओळखा ना साहेब. माह्या भाकरी खाऊन राहिले."

"ओळख सहा महिन्यांची लागते, मावशी. भाकरी पंधरा दिवसांच्याच झाल्या."

मनकर्णाबाईनं फॉर्म घडी करून कनवटीला लावला. सहीसाठी दुकानात गेलो तर पुन्हा चहाच मिळणार, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार आले. बँक गोरगरिबांच्या दारी आली आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. यशवंतराव पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. टाळ्या थांबल्या तशी मनकर्णाबाई उभी राहिली.

"यशवंतभाऊ, मले ओळखता का जी?"

सारा मांडव वळला. "हे काय इचारनं झालं? तू लग्न होऊन आली तवापासून ओळखतो!"

"मंग या कागदावर सही करा."

तहसीलदारांनी कौतुकानं स्वतःचा पेन पुढे केला. सही झाली.

"आता माहे अठराशे घेऊन या. खात्यात टाकाचे हायेत."

"आत्ता?"

"घाई नाई भाऊ. साहेबाइचा चहा व्हाचाच हाये अजून."

यशवंतराव हार घातलेलेच दुकानाकडे गेले. अठराशे घेऊन परत आले तेव्हा मांडवात मनकर्णाबाईच्या शेजारणीच्या, वच्छलाच्या मागे बाया-माणसांची रांग लागली होती.

"भाऊ, मले बी ओळखता ना?"

संध्याकाळी विनायकरावांनी वर कळवलं: पहिल्याच दिवशी तेवीस खाती, स्थानिक व्यापाऱ्याचं मोलाचं सहकार्य लाभलं.

मनकर्णाबाईनं पासबुक पदरात बांधलं, घरी आली आणि किती टिनं लागतील म्हणून छप्पर विती-वितीनं मोजायला घेतलं.