मागच्या जमिनीची वाट

जमीन घेण्यापूर्वी ग्रंथपालबाईंनी तीस वर्षांची कागदपत्रे वाचली आणि पानापानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. वाट तेवढी वाचायची राहिली, कारण ती कागदावर नव्हतीच. शेजाऱ्याच्या फाटकातून आत शिरायचे, त्याच्या गॅरेजच्या भिंतीला धरून ऐंशी पावले चालायचे, की जमीन. ती विकणारे मास्तर सव्वीस वर्षे असेच गेले होते. बाईंना तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

जमीन हवी होती ती भावासाठी. पाठीच्या कण्याच्या ऑपरेशननंतर तो चार वर्षे तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. इमारतीला लिफ्ट नव्हती. बाईंच्या डोक्यात दोन खोल्यांचे घर होते, एकही पायरी नसलेले.

खरेदीनंतर दोन महिन्यांनी शेजारचे म्हातारे मालक वारले. त्यांच्या मुलाची लाकडाची वखार होती. वडिलांचे तेरावे झाले त्याच आठवड्यात त्याने फाटकाला कुलूप घातले.

"वीस वर्षं हक्काने वापर झाला असेल तर वाट तुमची," वकीलबाई म्हणाल्या. "मास्तरांनी तेवढं लिहून द्यायचं. कुणाला न विचारता जात-येत होतो, बस."

"आणि नाही दिलं तर? मागे तर ओढा आहे."

"ओढ्याच्या काठाने माणूस चालत जाऊ शकतो, म्हणून दुसरी वाटच नाही असंही म्हणता येत नाही. चाकाची खुर्ची जात नाही हे कोर्टाला पटवायला सात-आठ वर्षं धरा, मॅडम."

बाईंनी मास्तरांच्या घरी जाऊन हे सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"न विचारता? बाई, दुसऱ्याच्या दारात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. आणि मी स्वतः घुसत होतो म्हणता? रोज फाटकाशी थांबायचो. 'जाऊ ना?' म्हणायचो. ते पेपरातून मान वर न करता 'जा की' म्हणायचे. सव्वीस वर्षांत एक दिवस चुकलो नाही."

"अंगात ताप असला तरी विचारूनच जायचे," आतून मास्तरांची बायको म्हणाली. "तेवढी एकच गोष्ट जमते यांना."

कायद्याची या बाबतीतली भूमिका निःसंदिग्ध आहे. सव्वीस वर्षे मुजोरीने घुसणाऱ्याला हक्क मिळतो. सव्वीस वर्षे अदबीने विचारणाऱ्याला मालकाची मर्जी मिळते, आणि मर्जी मालकाबरोबर सरणावर जाते. ज्या विद्वानांनी हे तत्त्व सिद्ध केले, ते बहुधा कधी कुणाच्या अंगणातून गेले नसावेत. किंवा गेले असल्यास न विचारता गेले असावेत.

"तुमचं अडत असेल तर खोटं लिहितो," मास्तर म्हणाले. त्यांचा हात चष्म्यावरच राहिला होता. "सांगा."

बाईंना काहीच वाटले नाही. राग नाही की दया नाही. वखारवाला त्याच घरात लहानाचा मोठा झाला होता. 'जाऊ ना?' हे शब्द तो खिडकीतून रोज ऐकत आला होता. खोटे एका तारखेतच उघडे पडले असते.

"नको," त्या म्हणाल्या आणि पुढे केलेला चहा संपवून उठल्या.

वखारीत भुसा बाकावरही साचला होता. वखारवाल्याने फुंकर मारून जागा केली आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला.

"मी अडवणारा माणूस नाही, मावशी. ट्रक न्या, खुर्ची न्या, वरात न्या. फक्त एवढी सही पाहिजे."

कागदात म्हटले होते की वापर मालकाच्या परवानगीने आहे, ती परवानगी मालक केव्हाही मागे घेऊ शकतो, आणि लिहून देणार वाटेवर कधीही हक्क सांगणार नाहीत.

"आणि उद्या तुम्ही घर विकलंत तर?"

"तर नव्या माणसाला विचारायचं. मास्तरांना कुठे जड गेलं?" तो हसला. त्या हसण्यात आकस नव्हता. असता तर निदान भांडता आले असते.

बाईंनी कागद दोनदा वाचला. वाचल्याशिवाय कशावरही सही न करण्याची त्यांची सवय होती. तिचा या वेळी काही उपयोग नव्हता. त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.

पुढच्या सोमवारी विटांचा ट्रक फाटकातून आत गेला. गॅरेजच्या भिंतीला आरसा घासला तेव्हा ड्रायव्हरने शिवी गिळली. बाई जमिनीच्या मधोमध, जिथे भावाची खोली होणार होती तिथे उभ्या होत्या. फोन वाजला.

"ताई, वाटेचं मिटलं?" भावाने विचारले.

"मिटलं."

"कायमचं?"

पलीकडे मजूर विटा उतरवत होते, दोन-दोनच्या जोडीने, एकमेकांच्या हातात देत.

"दाराची रुंदी किती ठेवायची ते सांग," त्या म्हणाल्या. "गवंडी थांबलाय."