मंगळूबाबांचा उरलेला चहा

कप समोर आला आणि अंगणातली बडबड आपोआप थांबली. मुलीचा बाप बुधू, भिंतीला टेकून बसलेले त्याचे भाऊबंद, दारातून डोकावणाऱ्या बायका, सगळ्यांची नजर मंगळूबाबांच्या हातावर खिळली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या या वाडीत एरवी कोरा चहा चालतो. पण आज पाहुण्यांसाठी खालून दुधाच्या पिशव्या आणल्या होत्या आणि साखर घालताना कोणी हात आखडता घेतला नव्हता.

मंगळूबाबांनी एक घोट घेतला, "बेस झालाय," म्हणाले आणि कप बशीत ठेवून दिला.

मग ते यंदाच्या भाताबद्दल बोलू लागले. वालाला शेंगा कशा धरल्यात ते त्यांनी विचारलं, नवीन कौलांची तारीफ केली, बुधूच्या म्हाताऱ्या आईची चौकशी केली. "आई लेकीकडं गेलीय, मुरबाडला," बुधू म्हणाला खरा, पण त्याचं लक्ष कपाकडे होतं. चहावर साय धरली. बाबा तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. नातू सुनिल शेजारी बसून आजोबांना कोपराने ढोसत होता, आणि बाबांना वाटत होतं, पोरगं लाजतंय.

हा कप एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. मंगळूबाबांचा जन्म रस्त्याच्या गँगवर खडी टाकण्यात गेला, पण त्यांचं खरं काम सोयरिकी जुळवण्याचं. किन्हवलीपासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत ठाकरांच्या वाड्यांत त्यांनी जुळवलेले संसार आज नातवंडं खेळवत आहेत. त्यांची एक लकब होती. स्थळ पसंत पडलं की चहा संपवून कप बशीवर पालथा घालायचा. नाही पडलं तर चहा अर्धा सोडून पिकापाण्याच्या गप्पा मारत उठायचं. तोंडाने नकार द्यायला नको आणि मुलीच्या बापाची चारचौघांत मान खाली जायला नको, म्हणून त्यांनीच काढलेली ही रीत. आता ती इतकी मुरली होती की लोकांना बाबांच्या शब्दापेक्षा कपाचा भरवसा जास्त.

आणि आज, सख्ख्या नातवाच्या सोयरिकीला येऊन, स्वतःचीच रीत बाबा साफ विसरले होते. एरवी डोंगराएवढी शहाणी वाटणारी ही माणसं ऐन वेळी असा गाढवपणा करतात.

त्याला कारण होता त्यांचा उजवा गुडघा.

गँगवर असताना बाबा सोयरिकीला पायी जात. निवृत्त झाले आणि पोरंसोरं मोटारसायकलवर बसवून न्यायला लागली. चालणं सुटलं, चहा वाढला, चहाबरोबर लाडू वाढले. बाबांचं पोट सदऱ्याच्या गुंड्यांशी भांडू लागलं आणि उजवा गुडघा सुजून बसला. रात्री उठताना भिंत धरावी लागे, उकिडवं बसणं तर कायमचं सुटलं. थंडीच्या सुरुवातीला ते किन्हवलीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या नर्स पौर्णिमाबाईंनी डॉक्टरांचे कागद वाचले आणि बाबांना बाकावर बसवून घेतलं.

"गुडघा झिजला ना बाई? खडी वाहिली जन्मभर."

"झिजलाय. पण नुसता झिजलेला नाही, आतून धुमसतोय. जरा पोटाकडे बघा, आजोबा."

"पोटाचा न गुडघ्याचा काय संबंध? मधी मांडी हाय."

पौर्णिमाबाई हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटाचा भार पावलापावलाला गुडघ्यावर पडतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. पोटावरची चरबी आयती बसून खात नाही, ती रक्तात नको ते सोडत राहते आणि त्याने सांध्यांची सूज हटत नाही. त्यात तुमच्या रक्तात साखर निघालीय, प्रेशरही वाढलेलं आहे. ही सगळी मंडळी एकमेकांच्या ओळखीची असतात. एक घरात शिरली की बाकीच्यांना हाका मारते.

"मंग गुडघ्यावर काय लावू?"

"तोंडाला कुलूप लावा. दिवसाला चहा किती होतो?"

"ज्याच्या घरी जाऊ त्याच्या घरी."

"आणि किती घरी जाता?"

बाबा बोटं मोजू लागले, मग त्यांनी दुसरा हातही पुढे घेतला. बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी साखर बंद केली, ताटातला भाताचा डोंगर अर्ध्यावर आणला, सपाटीवर रोज चालायला सांगितलं आणि खाटेवर पडून पाय सरळ ठेवून वर उचलायचा, जरा धरायचा, मग हळू खाली सोडायचा, हे करून दाखवलं. "गुडघा काही पंचविशीचा होणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याशी भांडण कमी करेल."

आणि खरंच कमी केलं. माघ संपेपर्यंत बाबांच्या पोटाचं आणि गुंड्यांचं जुळलं, रात्री भिंतीची गरज उरली नाही. सकाळी खाटेवर पाय वर करून पडलेल्या बाबांना बघायला शेजारची पोरं जमायची आणि बाबा त्यांच्यावर ओरडत ओरडत दुसरा पाय उचलायचे. त्यांना मनातून फार बरं वाटायचं.

पण साखरेची गोष्ट त्यांनी घराबाहेर पडू दिली नाही. सुनिलचं स्थळ बघायला सुरुवात झाली होती. आजोबाला साखर म्हटलं की लोक उद्या नातवाला होईल म्हणणार. दुसऱ्यांची लग्नं जुळवताना बाबांनी कधी काही झाकलं नव्हतं. मुलगा तोतरा असेल तर तोतरा, मुलीचा पाय अधू असेल तर अधू, आधी सांगायचं आणि मग पुढे जायचं. त्यांची किंमत होती ती त्याचीच. स्वतःच्या नातवाची वेळ आली तेव्हा मात्र जीव कच्चा पडला.

म्हणून बुधूच्या अंगणात त्यांनी एकच घोट घेतला, कारण सांगितलं नाही, आणि मोठा मोह जिंकल्याच्या आनंदात मंडळींना रामराम करून उठले.

वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत उतार आहे. खाली इको गाडी उभी होती. बाबा काठी टेकत, पाय तिरका टाकत, खुशीत उतरले. मागून मुलगा भगीरथ आणि सुनिल तोंडं शिवल्यासारखे येत होते. गाडीपाशी पोचल्यावर भगीरथला राहवलं नाही.

"बाबा, रविनामधी वाईट काय होता?"

"वाईट? सोन्यासारखी पोर हाय. चैतातच उरकून टाकू."

"मंग चहा का सोडला?" सुनिल जवळजवळ रडकुंडीला आला होता.

बाबांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मग ते गाडीच्या दाराला धरून हळूच सीटवर टेकले.

"मेलो रे," ते म्हणाले. "इसरलोच."

"मी रविनाला फोन लावतो," सुनिलने खिशात हात घातला.

"थांब. तिचा नंबर तुझ्याकडं कसा?"

सुनिलचे कान लाल झाले. "ती किन्हवलीला मामाकडं ऱ्हाते ना. तिथं मेडिकलमधी कामाला हाय. तुमच्या गोळ्या तिच्याकडनंच तर आणतो."

एका महिन्याच्या गोळ्या हा पोरगा आठवड्या-आठवड्याने का आणतो, याचा बाबांना आत्ता उलगडा झाला. "म्हणजे माझ्या साखरेचा तिला ठाव हाय?"

"पयल्या दिवसापास्न."

"मंग गोड चहा कसा दिला तिनं?"

"चहा तिच्या काकूनं केला. अन ती बोलणार कशी? ओळख कुठली सांगंल? तुमी सोयरीक जुळवली असा दिसाया पायजे ना!"

भगीरथला हसू फुटलं. बाबांना फुटलं नाही. ज्या सोयरिकीला आपण आपली हुशारी समजत होतो ती या पोरांनी आधीच जुळवून ठेवली होती आणि आपण तिच्यावर गार चहा ओतून आलो होतो. वर त्या घरात आता काय चाललं असेल, ते त्यांना बसल्या जागी दिसत होतं. खर्डीकडच्या एका स्थळाचं बुधूने मघाशी नाव काढलं होतं. रागाच्या भरात माणूस संध्याकाळपर्यंत तिकडे शब्द देऊन मोकळा होतो.

"फोन लाव," भगीरथ म्हणाला. "पोरगी सांगंल बापाला."

"तिला ठाव असून भागत नाय. बापाला ठाव पायजे, अन माझ्या तोंडानं पायजे." बाबा काठीवर जोर देऊन उठले. "चला."

"चढ हाय, बाबा. गुडघा..."

"गुडघा माझा हाय. मी बघून घेतो."

चढ बाबांनी चढला. वाटेत पळस फुलले होते, त्यांच्याकडे त्यांनी बघितलं नाही. आधी चांगला पाय वर टाकायचा, मग काठी, मग दुखरा पाय तिच्या आधाराने वर घ्यायचा. मध्ये एका दगडावर बसून त्यांनी गुडघा चोळला आणि त्याला दोन शिव्या दिल्या. सुनिलने पाठंगुळी घ्यायची भाषा केली तर काठी उगारली. गंमत म्हणजे त्यांना भीती वाटत नव्हती. थंडीआधी हा चढ त्यांनी निम्माही चढला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. त्या दमातही ती गोष्ट त्यांना सुखावत होती.

बुधूच्या अंगणात सतरंजी गुंडाळून झाली होती. रविना चुलीजवळ पाठ करून बसली होती. बुधूने बाबांना बघितलं आणि मान फिरवली.

"काय इसरला का?"

"इसरलो. बोलाया इसरलो." बाबा उभेच राहिले. धाप लागली होती, तरी आवाज त्यांनी मोठा काढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चहा सोडला तो पोरगी नापसंत म्हणून नाय. मला साखरेचा आजार हाय. प्रेशर बी हाय. गुडघा त्याच्यापायीच सुजतो, नर्सबाईंनी सांगितला. सुनिलला आज काय नाय. उद्या होईल का नाय, ते मी सांगू शकत नाय. मघाशी झाकून ठेवला, ती माझी चूक. आता सांगितला. पसंत असंल तर हो म्हणा, नाय तर नाय म्हणा, मला राग नाय."

बुधू खाली बघत राहिला. तेवढ्यात आतल्या खोलीच्या बंद दाराआडून हसण्याचा आवाज आला. म्हाताऱ्या बाईचं, खोकत खोकत येणारं हसू.

"बुध्या, दार उघड."

"कोन हाय आत?" भगीरथने विचारलं.

"लहानी हाय, ह्याची आई!" आतूनच उत्तर आलं. "मुरबाडला नाय न बिरबाडला नाय. सकाळधरनं कोंडलीय मला. पावन्यांनी माझे गुडघे बघितले, साखरेचा ऐकला, तर पोरीचा लगीन मोडंल म्हणून. गुडघे न बघताच मोडला ना रे, बुध्या?"

आधी काकू हसली, मग भाऊबंद. चुलीपाशी रविनाचे खांदे हलू लागले, आणि ती रडत नव्हती. बुधू दोन्ही हातांनी तोंड झाकून मटकन खाली बसला. त्याच्याकडे बघून बाबाही हसायला लागले, इतके की काठी हातातून पडली. दोन घरं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत इतका वेळ समोरासमोर बसली होती.

रविनाने धावत जाऊन दार उघडलं. बुधू आईला उचलायला आत गेला.

"सोड. मला उठता येतं."

तिला वेळ लागला. आधी खाटेची कड, मग भिंत, मग चौकट. गुडघ्यांपायी दिवाळीपासून ती अंगणात आली नव्हती. कोणी घाई केली नाही. उजेडात आल्यावर तिने डोळे मिचकावले, पदर सारखा केला आणि बाबांच्या शेजारी बाजेवर बसली.

"मी तर काटकुळी, मला कशी झाली रे साखर?"

"ते मला नाय ठाव, लहानीबाय. पौर्णिमाबाईला इचारू. पण बसून ऱ्हाशील तर गुडघा आणखी धरंल, येवढा मला कळला. पाय सरळ उचलायचा असतो. दाखवतो मंग."

"मंग कशाला, आताच दाखव. रविने, चहा टाक. साखर कुनालाच नको घालू, भोगू दे सगळ्यांना." मग तिने सुनिलला हाताने खुणावलं. "इकडं ये. सकाळी आत नुसता आवाज येत होता तुझा."

सुनिल तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ बघितला, आणि चुलीकडे वळून विचारलं, "तुला पसंत हाय ना गो?"

रविनाने भांड्यातून नजर न काढता मान हलवली.

"दिली," लहानी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अन बुध्या, उद्यापास्न माझी खाट अंगणात टाक."